सहाव्या भागातली काजळी दाई

...नाही, मी म्हणतो, मारा! लेखक आहे, त्याले माराचा हक्क आहे. राक्षस मारा, सेनापती मारा, तो उडता घोडा मारा, आमचं काही म्हणणं नाही... पण काजळी दाईले काहून मारलं हो? तुमाले सांगतो, 'नीलदुर्गा'च्या पाचव्या भागापर्यंत हा माणूस शुद्धीवर होता!

तुमी 'नीलदुर्ग' वाचलं नाही? हौ का! जाऊ द्या, तुमचा दोष नाही. राजधानी मराठी मुलखातून भोपाळले गेली तवापासून बालाघाटात मराठी पुस्तक मिळते कुठं? माझा साळा माणिक गोंदियाहून छोट्या रेलगाडीनं आणते, तवा आमच्या हाती भाग लागते. तर हे जादूची कादंबरी. राजपुत्र वज्रसेन, त्याची माय मेलेली, त्याले वाढवलं काजळी दाईनं. तोंडात दात नाही, कंबर वाकलेली, पण बटव्यातली चिमूटभर राख फुकली की अख्खी फौज घोरते! आता सहाव्या भागात चांगलं काहीच नाही असं मी म्हणत नाही, मी खरं बोलणारा माणूस आहे. पाण्याखालचा तो बाजार, तिथं लोकं आपली सावली विकाले बसतेत... वाहवा! वाचून मी वापस पान उलटवलं अन् पुन्हा वाचलं. पण मग काही कारण नसताना, नदी ओलांडता ओलांडता, दाईले मगर गिळते. एका ओळीत! अन् घोड्याच्या खोगिराचं वर्णन? तीन पानं! पाचव्या भागापर्यंत शुद्धीवर होता हो...

तुमी म्हणान, नीळकंठराव, कादंबरीच तं आहे, येवढं काय त्यात? अहो, मी काय एकटा वाचतो? रविवारी दुपारी आमच्या आंगणात बाया मुंगवड्या घालतेत अन् मी मोठ्यानं वाचतो. शेजारच्या प्रेमलालले मराठी समजत नाही, म्हणून पान झालं की तेच हिंदीत. अन् सगळ्यात समोर, डाळीचं गंज-पातेलं घेऊन, दुर्गाआत्या. माझ्या बाबांची बहीण. मी रांगत होतो तवाच माझी माय गेली, मले आत्यानंच वाढवलं. आता तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, चार पावलं चालली की दम लागते, दिवाळीपासून अर्धीच भाकर खाते. अन् एक दिवस वड्या घालता घालता म्हणते कशी, "नीळू, हे काजळी दाई माझ्याच उमरीची दिसते रे. पाहू, दोघीत कोण पहिले जाते!"

बाया हसल्या. मले काही हसू आलं नाही.

अन् त्याच्या पुढच्याच रविवारी समोर मगर! आता सांगा, पुढं वाचू? तिच्या तोंडावर वाचू? 'गिळलं' येवढं तोंडातून गेलंच होतं, म्हणून पुस्तकात पाहत पाहतच पुढं ठोकून देलं, "तेवढ्यात मगरीले ढास लागली, अन् दाई सपकन काठावर!" आवाजात काही फरक? अजिबात नाही! प्रेमलाल तेवढा येडा भैताड. "भाईसाब, मगर निगल गया तो बुढ़िया निकली कैसे?" म्हटलं, "खाँसी आ गई उसको!" "मगर को खाँसी?" "जादू का मगर है, प्रेमलाल!" इकडून शेवंताबाई म्हणते, "अवं, बटव्यातली राख गेली असन मगरीच्या नरड्यात." वा! वड्या घालणाऱ्या बाईले जे सुचते ते लेखकाले सुचत नाही! मग काय, भाग संपेपर्यंत मी दाई जित्ती ठेवली. वज्रसेन रडते, तिथं त्याच्या डोळ्यात कचरा गेला. सुतक धरते, तिथं त्याले एकादशीचा उपास लावला. मुळापेक्षा सरस झालं, मीच सांगतो! पाचव्या भागापर्यंत तो शुद्धीवर होता, सहाव्यात मी होतो!

परवा भाग संपला. पुस्तक मिटलं अन् मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काहो आत्या, कसा वाटला?" आत्या हात धुत म्हणते, "बाजाराचं लय छान लिवलं रे. पण ते दाईचं काही जमलं नाही."

"काहून?"

"मगरीनं गिळलं तं गिळू द्याचं न तिले! पोरगं वाढवलं, गादीवर बसवलं, झालं की तिचं काम. कंबर मोडलेली बाई, तिले नरड्यातून ओढून काढते अन् पुन्हा त्याच पोट्ट्यामागं डोंगर चढवते! म्हाताऱ्या माणसाची काही दयामाया नाही काय त्या लेखकाले? जाऊ दे म्हणा तिले. सुखानं जाईन ते."

मग चाचपत चाचपत माझ्या गालाले ओला हात लावला तिनं. म्हणे, "पोट्टं रडन थोडं. रडू दे. मग उठून जेवन."

आता सातवा भाग घेऊन माणिक येऊन राह्यला. त्याच्यात दाई नाही, अन् आमच्या आंगणात अजून जित्ती आहे! म्हणजे येत्या रविवारी तिले मलेच मारा लागते, अन् तेही आत्याले पटन असं. ज्या लेखकानं एका ओळीत उरकलं त्याले मी येवढ्या शिव्या घातल्या... कालपासून बसलो आहे हो, माझ्याच्यानं ते एक ओळ होऊन नाही राह्यली!