पितळी एल्बोचा जोड

—गळून राहिला का वहिनी? नाही ना? मंग! तीस वर्षं झाली, पांढुर्ण्यात रघुनाथ मिस्तरीचा जोड गळला असं कोनी म्हनून दाखवावं. गरम पानी येऊनच नाही राहिलं, हे वेगळं — त्याच्यात जोडाचा काय दोष? तुमी जा न आत, नलिनीवहिनी, इथं धूर होते — नाही जात? बसा मंग. पन पाइपात डोकावू नका.

हे पाहा, हा तांब्याचा पाइप, हा पितळी एल्बो. घासला, पेस्ट लावली, बर्नरनं तापवला, की कथील आपोआप आत ओढल्या जाते. पन पाइपात थेंबभर पानी असलं तर धरत नाही, बिलकुल नाही! अन् तुमच्या सोलरची टाकी मी जोड केला त्या दिवशी टपकतच होती. मंग काय करतो मिस्तरी? पावाचा गोळा कोंबतो — पाव पानी अडवते, तोवर झाळून घ्याचं, मंग नळ सोडला की विरघळून वाहून जाते. पन तो दिवस गोटमारीचा, दोन्ही गावं नदीवर एकमेकाले गोटे मारते! दुकानं बंद. पाव आनाले जाम नदीकडे जाऊ? सावरगावचा गोटा डोक्यात घ्याले? — नळ काऊन नाही सोडून पाहिला? ते... गोटमार सुरू झाली होती न. दुरून पाहाले गेलो.

काय कोंबलं? कोंबलं काहीतरी. पिठाचंच होतं. घरातलंच म्हना. हौ, ताटातलं — तुमी दोन वाढल्या होत्या न, सनाच्या पुरनपोळ्या? एक खाल्ली, देवाशपथ खाल्ली! दुसरी... वहिनी, ती विरघळाले पायजे होती! माझ्या बायकोची असती तर पहिल्या धारेत गेली असती — म्हनजे तसं नाही, मजबूत हाय म्हनून राहिलो मी. तीन दिवस गरम पान्यात, अन् हे पाहा, पाइपातून ओढून काढली तरी कड नाही उसवली!

हसा न. असं पाहू नका, भेव वाटते. अख्ख्या कॉलनीत तुमच्या शब्दावर कामं भेटते मले. तुमी तोंड उघडलं तर मले नळाचा वायसरही कोनी बदलू देनार नाही. नवा जोड करून देतो — आज पाव आनला सोबत — कुठं चालल्या?

हे काय, ताट? उरल्या होत्या अजून? सनाच्याच? नाही नाही, खातो न! दोन्ही? तुमी इथंच उभ्या राहनार? बरं... मस्त हाय वहिनी, एकदम नरम ह—