आल्दोकाकांचे तीन नारळ

रत्नाकाकू : ...२०१९च गं. करोनाच्या आदल्या वर्षीचा गणपती. स्मरणिकेत नीट लिही.

नेत्रा : लिहिलं. पण काकू, एवढा मोठा इटालियन पियानिस्ट टेक्सासमधल्या या आपल्या फ्रिस्कोमध्ये काय करत होता?

रत्नाकाकू : माझ्या समोरच्या घरात, लेकीकडे राहून टोमॅटो लावत होता. मिलान, व्हिएन्ना, सगळीकडे वाजवून झालेलं. मग एकदा शिकागोत हॉल इतका शांत झाला, की आल्दोला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू यायला लागले. हात थांबले. उठला, वाकून नमस्कार केला, घरी आला. नऊ वर्षं लोकांसमोर बसला नाही.

नेत्रा : आणि आपल्या मंडळात बसले?

रत्नाकाकू : मी त्याच्याच टोमॅटोचं सार घेऊन गेले, आणि विचारलं, आमच्या गणपतीत वाजवशील का? म्हणाला, शेवटचं एकदा बसून बघतो. नाही जमलं तर पियानो विकतो. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत अथर्वशीर्ष पुटपुटत बसले होते.

नेत्रा : मग? सगळे शांत बसले?

रत्नाकाकू : आपले लोक? मागे वडे तळणं चालू, पोरं खुर्च्यांखालून पळतायत. हा ऐन रंगात, आणि माइकवर घोषणा : दारासमोरची पांढरी गाडी काढा.

नेत्रा : ओ गॉड. आणि नारळ?

रत्नाकाकू : ते वाजवणं तीन भागांचं असतं. मध्ये जरा थांबतात. पहिल्यांदा थांबला, तर चंद्रशेखरला वाटलं, संपलं. तो सेक्रेटरी, ताट घेऊन उभाच होता. शाल पांघरली, नारळ दिला, फोटो काढला. आल्दो पुन्हा वाजवायला लागला, शाल तशीच.

नेत्रा : कुणी सांगितलं नाही त्यांना?

रत्नाकाकू : सांगितलं ना मी. पण देवदत्त रुसला. अध्यक्ष असताना सत्कार सेक्रेटरीने कसा केला? दुसऱ्यांदा थांबला, तेव्हा दुसरी शाल, दुसरा नारळ. शेवटी जगन्नाथ. तो घरं विकणारा, आपला स्पॉन्सर, त्याला नाही कसं म्हणायचं?

नेत्रा : चिडले असतील यार.

रत्नाकाकू : मीही तेच समजले. स्टेजमागे गेले, तर तीन शाली अंगावर, तीन नारळ मांडीवर, आणि डोळे भरलेले. म्हणाला, "रत्ना, इथे कुणी ऐकतच नाही. मी पुन्हा येऊ का?"

नेत्रा : सो स्वीट! म्हणून ते फक्त मराठी मंडळांत वाजवायचे?

रत्नाकाकू : करोना सरल्यावर क्युपर्टिनो झालं, जर्सी सिटी झाली. त्याची एजंटबाई मला फोन करून विचारायची, हे मंडळ म्हणजे नक्की काय? अट एकच, तळण चालू पाहिजे. चंद्रशेखर आता क्युपर्टिनोला असतो, तिथेही सेक्रेटरीच. देवदत्त सगळ्यांना सांगतो, आल्दोला मी शोधला. जगन्नाथने आल्दोच्या लेकीला मोठं घर विकलं.

नेत्रा : आणि आल्दोकाका?

रत्नाकाकू : आता प्रवास झेपत नाही. दर मंगळवारी माझ्याकडे येतो, माझ्या मुलाच्या, वेदच्या जुन्या पियानोवर वाजवतो. मी आत कुकर लावायचा, मिक्सर फिरवायचा, असं ठरलेलं.

नेत्रा : अजूनही?

रत्नाकाकू : गेल्या मंगळवारी लाइट गेले. मिक्सर थांबला, फ्रिजसुद्धा गप्प. तो वाजवत राहिला. मी ओट्याशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग एक पातेलं मुद्दाम खाली पाडलं.