जेवताना बोललेलं

कॉम्प्युटरवाली : काकू, आधी ती मागची नेटची वायर काढा. हां, तीच. आता हा कितीही बोंबलला तरी बाहेर कुणाला निरोप धाडू शकणार नाही.

काकू : बोंबलतोय म्हणजे काय! सोमवारपासून भोंगा चालू आहे. तांबडी खिडकी उघडते काय, 'कॉम्प्युटरात अडतीस व्हायरस सापडले' म्हणते काय, आणि वर पैसे मागते. आमचे हे समोर बसलेले, ढिम्म. मी दुपारच्या झोपेतून उठून धावत आले तेव्हा कुठे मान वर केली.

कॉम्प्युटरवाली : काका, कार्डाचा नंबर वगैरे कुठे टाकला नाहीत ना?

काका : हो.

कॉम्प्युटरवाली : टाकलात?

काकू : अहो, इकडे बघा. कार्डाचा नंबर दिलात का, असं विचारतेय ती!

काका : छे, छे. नंबर नाही दिला. नुसतं एक बटण दाबलं.

काकू : बघितलंस? आधी हो, मग छे. वर्षभर हेच. काहीही विचारा, 'हो'. आणि जेवताना विचारलेल्याचं खरं उत्तर चहाच्या वेळी. मध्येच येऊन सांगतात, 'निळी लोकर घे.' अहो, तोवर हिरवी आणून मी अर्धी बाही विणलेली असते!

कॉम्प्युटरवाली : हा अँटिव्हायरस नाहीच, काकू. नुसतं सोंग आहे. ते अडतीस व्हायरस म्हणजे शुद्ध थापा. रोगही हाच आणि औषध विकणाराही हाच.

काकू : थापा असू देत. माझे नमुने कुठे गेले ते सांग. स्वेटरचे. चार हिवाळे बसून एकेक टाका चौकटीत भरलाय मी. लोकरवाले त्यांचं पुस्तक काढणार आहेत. आता बघ, स्क्रीनवर चिटपाखरू नाही.

कॉम्प्युटरवाली : दुसरीकडे कुठे कॉपी?

काकू : पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, असं यांना सांगितलं होतं. 'हो' म्हणाले.

कॉम्प्युटरवाली : बरं. आता सेफ मोडमध्ये चालू करते. त्यात कॉम्प्युटर गरजेपुरताच जागा होतो आणि हा पाहुणा झोपलेला राहतो. तेवढ्यात याला उचलायचा.

काकू : उचल बाई. नमुने गेले ना, तर मी पुन्हा सुई हातात धरायची नाही. खरंच सांगते.

कॉम्प्युटरवाली : सापडला. नाव बघा काय घेतलंय, 'संपूर्ण सुरक्षा'! कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप उठायची सोयही करून ठेवलीय. तीही काढली. आता माझ्याकडचा खरा अँटिव्हायरस फिरवते... हं, याचीच दोनचार पिल्लं होती. गेली. काकू, तुमची डिस्क अजून भरलेलीच दिसतेय. म्हणजे काही पुसलेलं नाही. माणसानं घाबरून पैसे भरावेत म्हणून यानं फायली नुसत्या लपवल्यात.

काकू : अगं, मग काढ ना बाहेर!

कॉम्प्युटरवाली : एका कमांडचं काम आहे. पण आधीच सांगते. जे जे लपलेलं आहे ते सगळं उघडं होईल. यानं लपवलेलं कुठलं आणि घरातल्यांनी लपवलेलं कुठलं, हे मला नाही ओळखता येणार.

काकू : आम्ही कशाला काय लपवतोय!

काका : काय म्हणाली ती?

कॉम्प्युटरवाली : काका, लपवलेलं सगळं दिसायला लागेल. चालेल?

काका : सगळं?

कॉम्प्युटरवाली : सगळं.

काका : आणि नाही केलं तर?

कॉम्प्युटरवाली : तर काकूंचे नमुनेही दिसायचे नाहीत.

काकू : अहो, असं काय विचारताय? काय आहे त्यात?

काका : कर. तिचे नमुने बाहेर येऊ देत.

(थोडा वेळ नुसता की-बोर्डचा आवाज.)

काकू : आला! वेलीचा आला, खवल्यांचा आला, बाळाची टोपी आली. अगं, सगळे आले! माझ्या छातीवरचा धोंडा उतरवलास बघ. आणि हे काय मध्येच? 'जेवण'? अहो, पाककृती लिहिताय की काय?

कॉम्प्युटरवाली : आवाजाच्या फायली आहेत. रोजची एक. काका, उघडू?

काका : उघड. आता काय राहिलंय.

काकू : हा तर माझा आवाज! भांड्यांचा खडखडाट, आणि मी शेजारणीच्या जावयाबद्दल सांगतेय. अहो, माझं बोलणं चोरून टेप करता? जेवायला बसल्यावर?

काका : मोबाईल ताटाशेजारी ठेवतो.

काकू : पण कशाला? कोर्टात खेचायचंय मला?

काका : ऐकायला. तू बोललेलं मला कळत नाही गं. वर्ष झालं. आवाज येतो, शब्द सुटे होत नाहीत. पंखा चालू असला की तेवढंही नाही.

काकू : आणि ते 'हो, हो'?

काका : तुझा चेहरा बघून म्हणायचो. बहुतेक वेळा जमून जायचं.

कॉम्प्युटरवाली : काकू, मी जरा बाहेर थांबते.

काकू : बस गं तू. तुझ्यापासून काय लपवायचंय आता.

काका : दुपारी तू आडवी झालीस की इथं हेडफोन लावायचो. आवाज मोठा करून, मागे-पुढे करून ऐकायचो. मोबाईलवर तेवढं मोठं होत नाही.

काकू : आणि मग चहाच्या वेळी उत्तर घेऊन यायचात. मला वाटायचं, यांचं डोकं चाललंय कुठेतरी.

काका : सोमवारी त्याच्यासाठीच बसलो होतो, हेडफोन अजून लावले नव्हते. ती तांबडी खिडकी आडवी आली. काहीतरी विचारत होती. मला ऐकायची घाई. म्हटलं, हो.

काकू : पण तो एवढा भोंगा वाजत होता!

काका : भोंगा होता?

काकू : अहो... मला एका शब्दानं सांगायचंत ना. डॉक्टरकडे गेलो असतो.

काका : प्रश्न डॉक्टरचा नव्हता. माझे वडील बहिरे झाले तेव्हा आई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. जेवायला चला. औषध घ्या. तेही ओरडून. शेजारणीचा जावई काय करतो, हे त्यांना कुणी सांगत नसे. मला त्याची भीती वाटली.

काकू : आणि मी वर्षभर भिंतीशी बोलतेय असं समजून बोलत होते. फार वाईट वाटलं हो मला.

काका : काय?

काकू : वाईट वाटलं, म्हटलं!

कॉम्प्युटरवाली : ओरडू नका, काकू. समोर बसून, सावकाश बोललं की त्यांना कळतं. मघाशी माझं कळलं ना. आणि कान तपासून घ्या. ते माझ्या कामातलं नाही, पण घ्या.

काका : घेतो. पण सोमवारपासूनचं ऐकायचं राहिलंय माझं. मोबाईलमध्येच आहे अजून.

काकू : ते नका ऐकू. नमुने गेले म्हणून तोंडाला येईल ते बोलले मी तुम्हाला. पुसून टाका.

काका : सगळं?

काकू : सगळं. त्यात एक अगदी बिनकामाचं होतं, तेवढं आत्ता सांगते. खुर्ची इकडे वळवा.