दोन धारांमधला समुद्र

(कवठे येमाई. मार्चमधला रविवार, सकाळची धार नुकतीच झालेली. गोठ्यासमोरच्या अंगणात आनंदराव, त्यांची बायको तुळजाबाई आणि शिरूरचा जीपवाला मेहमूद.)

मेहमूद: तुम्ही काही म्हणा काकू, गेल्या वर्षी समुद्र आटला नव्हता. तो तिथंच होता. आपण चुकीच्या टायमाला गेलो.

तुळजाबाई: बचत गटाच्या बारा बायका तुझ्या ट्रॅक्समधी साडेसहा तास कोंबून बसल्या. दोघी घाटात ओकल्या. आन् अलिबागला उतरून बघतो तर चिखल. पाणी पार लांब, दुसऱ्याच्या शेतात असावं तसं. मी पाय ओला न करता घरी आले. गटातली गिताबाई अजून बाजारात सांगती, आम्ही गेलो त्या दिवशी समुद्र सुट्टीवर होता.

आनंदराव: मी तवाच म्हणालो होतो. आपली घोड नदी काय वाईट हाय? पाणी हाय, सावली हाय, पाच मिनिटांत घरी.

तुळजाबाई: घोड नदीवर मी तीस वर्षं धुणं धुतलं. तिथं सहलीला जाऊ व्हय?

मेहमूद: चूक कुठं झाली ते मला आता कळलं. माझ्या बायकोची मावशी मुरूडला असती, दर्याच्या काठालाच. मागल्या आठवड्यात फोनवर तिला सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, तारीख कुणी काढली होती? मी सांगितलं, गटाच्या अध्यक्षांनी.

तुळजाबाई: मीच काढली. विचार करून काढली. अमावस्येला सासवा सोडत न्हाईत. पौर्णिमेला निम्म्या जणींचा उपास, एकादशीला उरलेल्यांचा. म्हणून कॅलेंडरात कायबी न्हाई असा दिवस शोधला. सप्तमी निघाली.

मेहमूद: तिथंच घोळ. मावशी म्हणाली, कॅलेंडरात कायबी नसतं त्या दिवशी दुपारी दर्यातबी कायबी नसतं. सप्तमी-अष्टमीला दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी भरती. तिथली लहान पोरंबी चंद्र बघून पाणी सांगतात.

आनंदराव: आमच्याकडं पाणी पाटबंधारे खातं सांगतं. कॅनॉलला आवर्तन सुटलं की पाणी, बंद झालं की चिखल. त्यात चंद्राचा काय संबंध?

मेहमूद: आबा, तिथं खातं न्हाई. आता ऐका. माझी गाडी आठवडाभर रांजणगावच्या कंपनीला पिकअपला असती. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हंजी आपल्याला गुरुवारच. मंगळवारी आमची बकरी ईद, दहावा चाँद. गुरुवारी बारावा.

आनंदराव: बारावा कसा? गुरुवारी चतुर्दशी. शुक्रवारी होळी.

मेहमूद: तुमची तिथी आमच्या चाँदाच्या एक-दोन दिवस पुढंच चालती. समुद्राला दोन्ही मान्य हाय. सकाळी अकराच्या सुमाराला पाणी काठोकाठ.

आनंदराव: मग पुढच्या गुरुवारी जा. एवढी घाई काय?

मेहमूद: पुढच्या गुरुवारी पुन्हा तुमची सप्तमी आली. पुन्हा चिखल.

तुळजाबाई: आन् त्याच्या पुढं कांदा काढायला लागायचा. एकदा कांद्यात वाकलेली बाई पावसापर्यंत उभी राहत न्हाई. जायाचं तर ह्याच गुरुवारी.

आनंदराव: ह्या गुरुवारी आठ मार्च. तालुक्याला महिला दिनाचा कार्यक्रम हाय. सभापती साहेबरावांनी आपल्या गावाकडून वीस महिला मागितल्यात. मी शब्द दिलाय.

तुळजाबाई: कुणाला विचारून?

आनंदराव: त्यात विचारायचं काय? तुमचाच दिवस हाय.

तुळजाबाई: आमचाच हाय ना? मग सांगा साहेबरावांना, बायका बायकांचा दिवस करायला गेल्यात. मागल्या साली सतरंजीवर चार तास बसवलं, पाच पुरुषांची भाषणं ऐकवली आन् एकेक गुलाबाचं फूल देऊन घरी पाठवलं. त्यातलं निम्मं मोरीनं खाल्लं.

मेहमूद: मोरी म्हंजी?

आनंदराव: म्हस. तिच्याकडं येणारच हाय विषय.

तुळजाबाई: यायचा तवा येऊ दे. मेहमूद, आधी जागा सांग. पाणी भरलेलं असंल तर अलिबागच चालंल की. वळखीचं तरी हाय.

मेहमूद: न्हाई काकू. चतुर्दशीच्या भरतीला अलिबागचं पाणी पार भिंतीला लागतं. उभं राहायला वाळू मिळत न्हाई. गेल्या वर्षी पाणी नव्हतं, यंदा जमीन नसंल.

आनंदराव: म्हंजी त्या गावाचं आन् तुमचं पटत न्हाई.

मेहमूद: दिवेआगर लई चांगलं. पण ताम्हिणीचा रस्ता असा हाय की दोघींच्या जागी दहा जणी ओकतील, आन् गाडी मलाच धुवावी लागती. किहीमला पायाला दगडगोटे लागतात. हरिहरेश्वरला एक मुक्काम लागतो.

तुळजाबाई: मुक्काम म्हणल्यावर एकीलाबी घरून सोडणार न्हाईत.

मेहमूद: म्हणून काशिद. अलिबागच्या पुढं एक तास. पांढरी वाळू, काठाला सुरूची झाडं, आन् गुरुवारी गर्दी न्हाई. पिऊन धिंगाणा घालणारी पोरं रविवारी येतात. भरती आली तरी उभं राहायला जागा राहती.

तुळजाबाई: लुगडं बदलायला आडोसा?

मेहमूद: मावशीच्या वळखीचं एक घर हाय. परसात विहीर, गोडं पाणी. मी बोलून ठेवलंय. बारा बायका म्हणल्यावर त्यांनी दोनदा आकडा विचारला, पण या म्हणाले.

तुळजाबाई: मग झालं. काशिद.

मेहमूद: झालं न्हाई. आता वेळ बघा. पहाटेची धार काढून साडेतीनला निघालो, तर चहा, घाट, ओकाऱ्या धरून काशिदला अकरा. संध्याकाळच्या धारेला सातला घरी पोचायचं तर साडेअकराला तिथनं निघायला पायजे.

तुळजाबाई: म्हंजी अर्धा तास?

मेहमूद: अर्ध्या तासात बारा बायका गाडीतनं उतरतात, चपला शोधतात आन् परत बसतात. मागल्या वर्षी मी घड्याळ लावून बघितलंय.

आनंदराव: मी म्हणालो ना, विषय म्हशीवर येणार.

मेहमूद: बाकीच्या काकूंच्या घरच्या धारा?

तुळजाबाई: त्यांच्या घरी सुना हायत, जावा हायत. सगळ्यांनी सोय केली. आमचा सत्यजीत आन् सूनबाई पुण्यात. इथं मी, हे आन् मोरी. मोरी पहिलटकरीण हाय, बारा दिवसांखाली व्याली. माझ्याशिवाय कुणाच्या हाताला पान्हवत न्हाई. एक वेळ धार चुकली तर सड सुजायचे.

मेहमूद: मग बाकीच्या अकरा जणींना घेऊन जाऊ?

तुळजाबाई: मी न्हाई तर एकबी न्हाई. त्यांच्या सासवांना मी शब्द दिलाय. शेजारच्या सर्जेरावाची आई तर म्हणाली, तुळजाबाई असंल तर सून पाठवते, न्हाईतर समुद्र इकडं आल्यावर बघंल. मी घरी बसले की गट घरी बसला.

आनंदराव: मग हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करावा असं मला वाटतं.

मेहमूद: आबा, रागवू नका. तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन. एक संध्याकाळ तुम्हीच बसा की म्हशीखाली.

आनंदराव: चेअरमन दुधाची फॅट बघतो, टँकर आला का बघतो, जिल्ह्याला मीटिंगला जातो. धार काढणं हे वेगळं खातं हाय.

तुळजाबाई: मेहमूद, तुला परवाची गोष्ट सांगते. शुक्रवारी मी मलठणला बहिणीकडं गेले होते. यष्टी चुकली. दिवे लागल्यावर घरी आले. येताना सगळ्या वाटेनं मोरीची काळजी. येऊन बघते तर ती निवांत रवंथ करती, आन् दूध सोसायटीत गेलेलं.

मेहमूद: काढलं कुणी?

तुळजाबाई: ह्यांनी सांगितलं, गिताबाईनं.

आनंदराव: मेहमूद, चहा सांगू का आणखी?

तुळजाबाई: गिताबाई त्या दिवशी शिरूरला, लेकीच्या, नकुशीच्या बाळाला बघायला. रात्री मुक्कामालाच होती.

मेहमूद: मग?

तुळजाबाई: मी कायबी बोलले न्हाई. पण दोरीवर माझं हिरवं लुगडं वाळत होतं. मी ते पेटीत ठेवून गेले होते.

मेहमूद: चहा नको आबा.

तुळजाबाई: सकाळी सर्जेरावाची आई भेटली. तिला कमी दिसतं. मला विचारती, तुझ्याकडं पाहुणी आली का गं? चांगली उंचीपुरी बाई, वाकून गोठ्यात गेली. हाक मारली तर बोलली न्हाई, पदर पुढं वढला. वळण चांगलं हाय म्हणाली पाहुणीचं.

आनंदराव: नेसलं नव्हतं. नुसतं अंगावर घेतलं होतं.

मेहमूद: आबा, मी हसत न्हाई. धूळ गेली डोळ्यात.

आनंदराव: हस. त्या जनावराला रंगरूप कळत न्हाई, वास कळतो. आधी मी तसाच बसलो होतो. तिनं बादली उडवली, माझा चष्मा उडवला. रेडकू वरडत होतं, सड तटतटले होते. ही यायचं नाव घेईना. मग काय करणार होतो?

तुळजाबाई: निघालं किती?

आनंदराव: दोन लिटर.

तुळजाबाई: मला अडीच देती.

आनंदराव: पहिल्या वेळेला दोन लिटर कमी न्हाई. सोसायटीत कुणालाबी विचार.

तुळजाबाई: विचारू?

आनंदराव: नको.

मेहमूद: मग आबा, अडचण कुठं राहिली? पहाटेची काकू काढतील, संध्याकाळची तुम्ही. काशिद दुपारी तीनला सोडलं तरी चालंल. चार तास मिळतात.

आनंदराव: अडचण अशी, की पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक. सर्जेराव माझ्या विरोधात उभा. चेअरमन लुगड्यात धार काढतो हे त्याला कळलं तर तो पत्रकं छापणार न्हाई, त्याला गरजच पडणार न्हाई. आईला दिसत नसंल त्याच्या, पण त्याला दिसतं.

मेहमूद: त्याची बायको गुरुवारी माझ्या गाडीत हाय. तो स्वतःच्या म्हशीखाली बसलेला असंल.

आनंदराव: सर्जेराव? त्याला जमतं?

तुळजाबाई: न्हाई, त्याच्या पोराची बायको काढती. पण दार लावून घ्या की गोठ्याचं. आन् मी बोलले का कुणाला? शुक्रवारपासून आज रविवार. गिताबाईलाबी सांगितलं न्हाई, आन् तुम्हाला माहीत हाय मला किती जड गेलं असंल.

आनंदराव: आता मेहमूदला सांगितलंस ते?

तुळजाबाई: काशिदसाठी सांगितलं.

मेहमूद: माझ्या तोंडून जाणार न्हाई आबा. कंपनीच्या पिकअपला मी रोज दोन पाळ्यांची भांडणं ऐकतो. एकानं दुसऱ्याला काय म्हटलं ते आजवर मी सांगितलं न्हाई.

आनंदराव: साहेबरावांना काय सांगू?

तुळजाबाई: तेच, आम्ही दिवस साजरा करायला गेलो. तुम्ही जा की कार्यक्रमाला. पण चारच्या आत घरी या. मोरीला आधी मानेखाली खाजवा. पेंड पुढ्यात ठेवल्याशिवाय हात लावू नका. रेडकू पाजलं की—

आनंदराव: डाव्या बाजूला बांधायचं. तिला ते दिसायला लागतं. माहीत हाय.

तुळजाबाई: हे कवा कळलं?

आनंदराव: शुक्रवारी. चष्मा गेल्यावर.

मेहमूद: मग मी पक्कं धरू का आबा? मावशीला फोन करायचाय. आन् माझी एक अट. काशिदचं पाणी वढ घेतं. गुडघ्याच्या वर एकीनं जायाचं न्हाई. मी काठाला उभा राहणार, शिट्टी वाजवली की बाहेर. कबूल असंल तरच गाडी.

तुळजाबाई: कबूल. मला गुडघाबी नको, घोटा भिजला तरी पुरं.

मेहमूद: आबा?

आनंदराव: पक्कं धर. साडेतीनला गाडी वेशीपाशी लाव, दारात हॉर्न वाजवू नको. मोरी बुजती.

तुळजाबाई: मला यायला रात्रीचे साडेदहा व्हतील.

आनंदराव: व्हऊ दे. भाकरी करून ठेव, कोरड्यास मी बघतो.

तुळजाबाई: एक विचारू? सोसायटीच्या पहिल्या दौऱ्याला तुम्ही मुंबईला गेला होता. सत्यजीत तवा पाळण्यात होता. समुद्रात उतरला होता ना? इतक्या वर्षांत कधी सांगितलं न्हाई कसं असतं ते.

आनंदराव: तू विचारलं न्हाईस.

तुळजाबाई: आता विचारते.

आनंदराव: आधी गार लागतं. मग लाट मागं जाती, ती पायाखालची वाळूबी घेऊन जाती. आपण उभे असतो तिथंच, पण वाटतं कुणीतरी मागं वढतंय.

तुळजाबाई: मग?

आनंदराव: मग मी बाहेर आलो. पहिल्याच लाटेला. बाकीचे डायरेक्टर हसले, म्हणून कवा सांगितलं न्हाई.

तुळजाबाई: मला तसं झालं तर?

आनंदराव: गिताबाईचा हात धर आन् उभी राहा. दुसऱ्या लाटेला काय होतं, ते मला येऊन सांग.