शेठ, बाई आणि बाथरूमचा पंखा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे विश्वस्त, ज्यांच्यासाठी आपण सगळे आज इथे जमलो त्या आपल्या बाई, समोर बसलेले शिक्षक आणि पालक, आणि खुर्चीवर, मांडीवर किंवा खुर्चीखाली, जिथे बरं वाटलं तिथे बसलेली आपली मुलं,

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मला थोडक्यात आटपायला बजावलंय. त्यांनी काळजी करू नये. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टमध्ये शिरलं की माणसं गप्प होतात, त्यामुळे मला बोलायची सवयच नाही. पालकांच्या वतीने खरं तर आमच्या सौभाग्यवती बोलणार होत्या. पण त्या म्हणाल्या, "मी उभी राहिले की रडणार. तुम्हीच बोला, तुम्हाला काही होत नाही." ही स्तुती होती की टोमणा, हे मी अजून विचारलेलं नाही.

विशेष मुलांच्या आपल्या या केंद्रातून बाई आज निवृत्त होताहेत. त्यांच्या अभ्यासाबद्दल, त्यांनी घडवलेल्या शिक्षकांबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी शी-शूबद्दल बोलणार आहे. अशा मंगल प्रसंगी हा विषय शोभतो का? नाही शोभत. पण आमच्या घरात कितीतरी महिने दुसरा विषयच नव्हता, त्याला मी काय करू?

तिसऱ्या रांगेत निळ्या शर्टात बसलाय तो आमचा मुलगा. घरात त्याला शेठ म्हणतात, कारण घर त्याच्या नियमांनी चालतं. शेठला ऑटिझम आहे. बोलतो मोजकंच. सात वर्षांचा झाला तरी त्याचं डायपर सुटेना. घराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, "घेऊ की आम्ही त्याला. फक्त बाथरूमला एकटा जायला हवा, आमच्याकडे मदतीला माणूस नाही."

झालं, सगळे कामाला लागले. लाडीगोडी झाली, बिस्किटं झाली, माझा आवाजही चढून झाला. माझी आई रोज ऐकवायची, "तू तर धड चालायला लागायच्या आत शिकलास." जणू मी त्यात पदक मिळवलं होतं. शेठ मात्र बाथरूमच्या दारापर्यंत यायचा, कानांवर हात ठेवायचा आणि मागे फिरायचा. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे.

मग शेठला आपल्या केंद्रात घातलं आणि बाई घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. सरळ बाथरूममध्ये गेल्या, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिल्या. आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे बघतोय. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "दिवा लावला की पंखा आपोआप सुरू होतो का?"

मी अभिमानाने म्हटलं, "हो, मीच जोडलाय तसा."

"त्याची घरघर तुम्हाला जाणवत नाही, त्याला सहन होत नाही. तुम्ही मेकॅनिक ना? मग पोराच्या मागे कशाला लागलाय? पंख्याचं बघा."

मी वायर सोडवली. त्याच आठवड्यात शेठ आत जाऊन बसला. कपड्यांसकट बसला, पण बसला. मग बाईंनी भिंतीवर ओळीने चित्रं लावून दिली, आधी काय, नंतर काय; आणि बाथरूमचं एक छोटं चित्र त्याच्या खिशात, जायचं असेल तेव्हा दाखवायला. आणि एका सकाळी जमलं. आता आमचं शहाणपण ऐका. मी, बायको, आई, अगदी शेजारच्या काकूसुद्धा, सगळे बाथरूमच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवायला लागलो. शेठ दचकून उठला आणि पुढे कित्येक दिवस आत पाऊल टाकेना.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही आत बसलाय आणि चार माणसं दारात बघत उभी आहेत. तुम्हाला होईल?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. नाही होणार.

बाई रागावतात, पण मुलावर कधीच नाही, नेहमी आमच्यावर. ओल्या चड्डीला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. शेठशी त्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. "आज नाही जमलं, असू दे, उद्या बघू." हे वाक्य मी रात्री स्वतःलाही ऐकवलंय. इतका धीर मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

आज घरी जमतं, आपल्या केंद्रात जमतं. पण तिसरीकडे कुठेही नाही. पाहुण्यांकडे, दुकानात, बागेत शेठ दाराशी जाऊन परत येतो आणि घर येईपर्यंत कळ काढतो. घराजवळच्या त्या शाळेतलं बाथरूम दाखवायला नेलं, तिथेही तेच. शाळा सोमवारी सुरू होतेय आणि बाई चालल्या. परवा मी त्यांना विचारलंच, "तुम्ही नसताना कसं व्हायचं?" तर म्हणाल्या, "मी होते तेव्हाही तोच जात होता." खरं सांगतो, हे उत्तर मला काही पटलं ना...

अगं, बस. तू उठू नकोस. माफ करा मंडळी, हे बायकोला म्हणालो. शेठ उठलाय. त्याने आईला खिशातलं बाथरूमचं चित्र दाखवलं आणि एकटा निघालाय, मागच्या दाराकडे. हे सभागृह त्याने आज पहिल्यांदा पाहिलंय.

हात जोडून विनंती करतो, कुणी मागे वळून बघू नका. सगळ्यांनी माझ्याकडे बघा. बाई, तुम्हीसुद्धा. मी बोलत राहतो. काय बोलू? लिफ्टबद्दल बोलतो. लिफ्टमध्ये आरसा का लावतात ठाऊक आहे? माणसं स्वतःला बघत बसली की लिफ्ट हळू चालते अशी तक्रार करत नाहीत. लिफ्ट अडकली तर सगळी बटणं एकदम दाबू नयेत. दारही ओढू नये. अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळ बघताय, मला दिसतंय. तुमच्या इमारतीची लिफ्ट फुकट तपासून देतो, पण आत्ता मला खाली बसवू नका. आणखी काय सांगू? तेल. तेल वेळच्या वेळी घालावं. दोरखंड... दोरखंडाचं...

पाणी सोडल्याचा आवाज आला. तुम्हालाही आला ना?

येतोय. शर्टाला हात पुसत येतोय. बसला जागेवर. आईकडे बघतसुद्धा नाही. हात ओले आहेत त्याचे, मंडळी.

मी कागदावर बरंच लिहून आणलं होतं, जड जड शब्द होते. ते राहू देत. बाई, तुमचं उत्तर मला आत्ता पटलं. सोमवारी आमचा मुलगा शाळेत जाईल.

अध्यक्षांचे, संस्थेचे आणि मागे वळून न बघणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, भर सभेत बायकोवर आवाज चढवला, विषयही इथे न शोभणारा निवडला, त्याबद्दल उदार मनाने क्षमा करावी. आता मला खाली जाऊ द्या. मला त्याच्या शेजारी बसायचंय.