शनिवारचा जोडीचा डाव

तुम्ही विचारता, कराटे, लाठी, दांडपट्टा, एवढं सगळं रोज जमवतो कसं. दादानं एकेका खेळाला आठवड्यातला एक वार लावून दिला होता, तेच मी चालवून राहिलो. दिवाळीआधी तो कायमचा गेला. शनिवारी लाठीचा जोडीचा डाव असायचा. सौसरमध्ये तो आम्हा दोघांनाच यायचा, म्हणून मी शनिवारच सोडला.

परवा वहिनी अंगणात आली. "गोलू, शनिवार कायले सोडला?"

"एकट्यानं होत नाही. विसरून राहिलो तो."

"मंग मी उभी राहते." तिनं दादाची लाठी उचलली.

माझं डोकं फिरलं. "ठेव ते. दादाची हाय."

"घे ना ओढून."

मी रागानं सरळ डोक्यावर वार केला. तिनं अडवला. मग कमरेवर. तोही अडवला, मागचा पाय वळवून, अगदी दादा अडवायचा तसा.

"तुले कोणी शिकवलं?"

"तू बोरगावच्या कंपनीत ड्युटीवर जाय, तवा तो हा डाव कोणासंग करे?"

माझा हात थांबला. डोळे भरून समोरचं काही दिसेना. वहिनीनं मात्र लाठी खाली घेतली नाही.

"पाय चुकला तुया," ती म्हणाली. "आधी तो बदल. मंग रडजो."