विभूती लावलेला कॉम्प्युटर

...आणि वर मलाच म्हणतात, पोरीनं बिघडवलं! तुम्हाला सांगते, गडहिंग्लजला आमचं खत-बियाणांचं दुकान आहे, आणि त्यातला कॉम्प्युटर माझ्या दहावीच्या आधीचा. खताचा सगळा साठा, कुठलं पोतं कुणाला गेलं, सगळं त्याच्या पोटात. तो खोकतो, कण्हतो, एक बिल काढताना माणूस चहा पिऊन येतो. पण अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, काही म्हणा, उत्तर ठरलेलं, "चालतंय न्हवं? मग कशाला हात लावतीस?"

शेवटी सॉफ्टवेअर कंपनीनंच कळवलं, जुन्या विंडोजवर आता आमचं फार दिवस चालणार नाही. मी महिनाभर अप्पांच्या मागे लागले. तेव्हा कुठे म्हणाले, "नीट करून दावलीस तर काउंटर तुझा." ऐकलंत ना? काउंटर माझा! रुद्रेशचा नाही... रुद्रेश म्हणजे आमचा बंधू, आठवड्यातून दोनदा दुकानात येतो, तेही मोबाईल चार्ज करायला.

दिवस मिळाला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक नसतं. कंपनीचा तौसीफ फोनवर सांगत होता, मॅडम, आधी विंडोज, मग डेटाबेस, मग आपलं सॉफ्टवेअर, आणि डेटाबेस बदलताना काहीही झालं तरी बंद करायचं नाही. मी पेनड्राइव्हवर जुन्या डेटाची प्रत काढली, विंडोज घातलं, डेटाबेस बदलायला लावला, वर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली, ‘बंद करू नये’. काम निम्म्यावर आलं आणि अव्वाचा, आमच्या आईचा, फोन. पुरण वाटायला ये. म्हटलं, रुद्रेश आहे की घरात. तर अव्वा म्हणते कशी, "त्यो पुरण वाटणार व्हय?"

गेले. वाटलं. परत आले तर काय... स्क्रीन काळी, सीपीयूवर विभूतीचे तीन पट्टे, वर झेंडूची माळ, आणि माझ्या चिठ्ठीवर नारळ. अप्पांनी बटण बंद केलेलं! का, तर, "हत्यार पूजंला मांडलं की चालू ठिवत न्हाईत. पंप ठिवतोय काय चालू?"

झालं. नवं सॉफ्टवेअर घातलं तर म्हणतंय डेटा जुना, जुनं म्हणतंय डेटा नवा, आणि दसरा उलटताच दारात रब्बीच्या खताला रांग. तौसीफनं जुनं विंडोज परत घातलं आणि माझ्या पेनड्राइव्हवरून सगळं पुन्हा जुनं करून दिलं. अप्पांनी माळ सरळ केली आणि म्हणाले, "बघ, शेवटी जुनंच कामाला आलं. चालतंय न्हवं?" आणि काउंटर? रुद्रेशला. का, तर पोरीच्या हातात दिलं आणि दुकान बंद पडलं म्हणून. येईल त्या पावण्याला हेच सांगतात. नारळाचं नाव कुठेच नाही.

मग कंपनीनं शेवटचं कळवलं, मार्चपासून ते जुनं कायमचं बंद होणार. अप्पा म्हणाले, रुद्रेश बघंल. आणि रुद्रेशनं फोन कुणाला लावला असेल? मलाच की. मी शटर आतून ओढलं, कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि सगळं बदलून दिलं. आता बिल झटक्यात निघतं.

परवा चंदगडचे केरबाकाका, आमचं जुनं गिऱ्हाईक, पोती भरता भरता म्हणाले, "पोरानं दुकान बदलून टाकलं की, अप्पा." अप्पांची छाती फुगली. रुद्रेशनं काउंटरवरून मान हलवली. मग काका मागं वळले, मी गोदामात पोती मोजत होते, म्हणाले, तुझं काय चाललंय गं शांभवी?

काय सांगणार... म्हटलं, चालतंय न्हवं.